तिसरा दाता

आबांचा सत्तरावा वाढदिवस नेमका रविवारी आला म्हणून साजरा झाला. मधल्या वारी आला असता तर त्यांनी हातातली कानस खाली ठेवली नसती, आणि आई गेल्यापासून त्यांना ती खाली ठेवायला लावणारं घरात कुणी उरलं नव्हतं. खाली कुलपांचा कारखाना आणि वर राहायच्या तीन खोल्या, असं हे घर. कारखाना आपला म्हणायचा. सहा जणांच्या बाकावर आता दोघंच बसत, आबा आणि त्यांची धाकटी लेक. उरलेल्या चार जागांवर मावशीने कुंड्या मांडून ठेवल्या होत्या.

जेवायला पाच जण. धाकटी आणि जावई दोन गल्ल्या ओलांडून वेळेवर आले. मावशी, म्हणजे आईची बहीण, सकाळपासून शेगडीपाशी घाम गाळत होती. थोरला सगळ्यांत शेवटी जिना चढून वर आला, आणि त्याच्या अंगात करडा शर्ट होता.

ते शर्ट गावात वर्षभर दिसतच होते. आधी चौकात, मग टपाल कचेरीत, मग शाळेतल्या मास्तरांच्या अंगावर. लोक त्या पक्षाचं लांबलचक नाव घेतच नसत, नुसतं करडे म्हणत. पण या घराच्या टेबलाशी करडा शर्ट पहिल्यांदाच येऊन बसला. आबांनी त्याच्या कॉलरकडे पाहिलं आणि पावाचा तुकडा मोडला.

"आज आबांचा वाढदिवस आहे, दादा," धाकटी म्हणाली. "हा घालून जेवायला बसणार तू?"

"धुतलेला आहे."

"धुण्याचं नाही विचारत मी."

"असू दे गं," जावई म्हणाला. "माझ्या शर्टापेक्षा इस्त्री बरी आहे त्याची."

मावशी तेवढी हसली. जावयाचा हा स्वभावच होता. कुठे ठिणगी दिसली की हा आपला पाण्याची वाटी घेऊन उभा. ओतकामाच्या कारखान्यात बारा वर्षं भट्टीसमोर उभं राहूनही त्याचं डोकं कधी तापत नाही, असं धाकटी कौतुकानं सांगायची. संध्याकाळी तो कामगारांच्या संघटनेचं वाचनालय सांभाळायचा. चिटणीस म्हणून त्याचं नाव दारावर लिहिलेलं होतं आणि त्या नावाचा धाकटीला अभिमान होता.

"भट्टी कशी चाललीय, जावईबापू?" मावशीने विचारलं.

"चाललीय," जावई म्हणाला.

भट्टी सोळा दिवसांपूर्वी विझली होती. त्याच्यासकट चाळीस जणांना दारातूनच परत पाठवलं होतं. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सोळा दिवस गेले आणि आता तर सांगायचं कसं हाच प्रश्न होऊन बसला होता. रोज सकाळी तो डबा घेऊन बाहेर पडे, गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत कामाच्या शोधात पायपीट करी, आणि दुपारी एक ते पाच वाचनालय बंद असे तेव्हा मागच्या खोलीत जाऊन, दाराला आतून कुलूप लावून डबा खाई. साडेपाचला कामावरून आल्यासारखा घरी. हातावर काजळी दिसावी म्हणून वाचनालयाच्या शेगडीतली राखही एकदा त्याने चोळली होती, आणि ती चोळताना त्याला रडू आलं होतं.

"तुमच्या वाचनालयात एवढं वाचता तरी काय?" मावशी म्हणाली.

"वर्तमानपत्रं, मावशी. त्यातल्या नोकरीच्या जाहिराती. पूर्वी पानभर असायच्या, आता बोटभर असतात. त्यामुळे वाचून लवकर होतं."

"आमच्याकडे पण आधी वाचनालयच निघालं होतं."

आता काय येणार ते सगळ्यांना पाठ होतं. मावशी सीमेपलीकडची. तिचा आणि नवऱ्याचा तिथे बटणांचा कारखाना होता. सहा यंत्रं, अकरा बाया, शिंपल्यांची आणि शिंगांची बटणं. लालांचं राज्य आलं तेव्हा एका सकाळी लॉरी आली, यंत्रं गेली, दुसऱ्या आठवड्यात लॉरी परत आली आणि नवरा गेला. मावशी एक पेटी घेऊन बहिणीच्या दारात उभी राहिली त्याला आठ वर्षं झाली. पेटीत दोन साड्या आणि उरलेली सगळी बटणं होती. घरातल्या कुणाचं बटण तुटलं की मावशी पेटी उघडे, आणि तिला आठवणींचा उमाळा येऊ नये म्हणून सगळे आपली बटणं जपून वापरत.

"तिथे जे झालं ते मलाही मान्य नाही, मावशी," जावई म्हणाला. "आमच्यात तसले नाहीत असं म्हणत नाही मी. दोघं-तिघं आहेत. पण बाकीच्या दोनशे लोकांना फक्त काम हवंय."

"तिथेही दोघं-तिघंच होते."

"बघा," थोरला म्हणाला.

"तू काय बघा म्हणतोस? तुला काय दिलं करड्यांनी?" धाकटी त्याच्याकडे वळली. "वहिनी मुलांना घेऊन माहेरी जाऊन बसलीय, तिला आणून दिली त्यांनी?"

हे तिने बोलायला नको होतं आणि बोलताक्षणी तिला ते कळलंही. थोरल्याने चमचा ठेवला. तो तारेच्या गिरणीत मुकादम होता, गिरणी बंद पडली आणि त्याचा आवाज हळूहळू बसत गेला. आज मात्र तो सरळ बोलला.

"चौदा महिने मी रांगेत उभा राहिलो, चिमणे. खिडकीतला माणूस मला आकड्यानं पुकारायचा. एकशे सात. पोरं मला विचारायची, बाबा, आज काय झालं, आणि मी त्यांना रोज नवीन काहीतरी बनवून सांगायचो. मग बनवायलाही काही सुचेना तेव्हा ती गेली. करड्यांच्या कचेरीत गेलो तर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि नाव विचारलं. नाव. दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्याच नावाने हाक मारली."

"आमच्याकडे का नाही आलास?" जावयाने हळूच विचारलं.

"आलो होतो. तुम्ही नव्हता त्या दिवशी. तिथल्याने मला पत्रक दिलं. सोळा पानांचं."

ते पत्रक जावयानेच लिहिलं होतं.

आबा एवढा वेळ जेवत होते. वाढदिवस त्यांचा, पण त्यांच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. शेवटी ते म्हणाले, "रस्सा निवतोय," आणि सगळे निमूट जेवायला लागले.

धाकटी आणि जावई गेल्यावर मावशी भांड्यांना लागली. थोरला मागे राहिला, बापाच्या मागोमाग जिना उतरून कारखान्यात आला आणि मावशीची एक कुंडी बाजूला सारून स्वतःच्या जुन्या जागेवर बसला. पोरगा लहानपणी इथेच बसायचा, पाय टेकत नसत तेव्हापासून. आबांच्या मनात आलं, हा आता म्हणेल की मला परत कामाला घ्या. ते सुखावले.

"आबा, वाचनालयाच्या दाराचं कुलूप आपलंच ना?"

आबा कानशी पुसू लागले.

"त्यांना वही हवीय. सभासदांच्या नावांची. बाकी काही नको. कुणाला बोटही लावायचं नाही, मी शब्द घेतलाय. दुपारी वाचनालय बंद असतं, आत कुणी नसतं. जायचं, वही घ्यायची, यायचं."

"मग दार फोडा. धटिंगण कमी आहेत का तुमच्याकडे?"

"फोडलं की पोलिसांना पंचनामा करावा लागतो. कुलूप शाबूत असलं की कुणी काही विचारत नाही." थोरल्याने मान खाली घातली. "निवडणुकीनंतर नगरपालिका त्यांचीच आहे, आबा. दोन शाळा, एक इस्पितळ. दोनशे कुलपं. तुम्ही हो म्हणालात तर चौघे कारागीर परत येतील. मी येईन. तिला आणि पोरांना घेऊन येईन."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर करड्यांच्या लेखी जावयाचं घर आणि हे घर एकच." तो थांबला. "आणि लाल आले तर हा बाक कुणाचा राहील ते मावशीला विचारा."

आबांना विचारायची गरज नव्हती. आठ वर्षं ती सहा यंत्रं त्यांच्या झोपेत लॉरीवर चढत होती. जावई भला माणूस होता, पण भल्या माणसाच्या वाचनालयात बसणारे सगळेच भले असतील कशावरून? आबांना दोन्हींची भीती वाटत होती आणि कुठली मोठी हे ठरत नव्हतं.

या कारखान्याची एक रीत होती, आबांच्या आजोबांनी घातलेली. प्रत्येक कुलपाच्या किल्लीचा पत्र्याचा नमुना कापून ठेवायचा, त्यावर फक्त आकडा. किल्ली हरवली की गिऱ्हाईक येई, आणि नमुन्यावरून नवी किल्ली होई. कुठला आकडा कुणाच्या दाराचा हे एकाच जाड वहीत लिहिलेलं, आणि ती वही मालकाच्या कपाटात. जो किल्ली घासेल त्याला दार ठाऊक असता कामा नये. याच भरवशावर शंभर वर्षं लोक इथून कुलपं नेत होते.

"सोमवारी करून ठेवतो," आबा म्हणाले. "मंगळवारी सकाळी तबकातून घेऊन जा."

थोरल्याने वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला. किती वर्षांनी.

सोमवारी आबांनी चारशे बारा आकड्याचा नमुना काढला आणि पितळेची कोरी किल्ली पकडीत बसवली. रात्रभर त्यांनी विचार केला होता आणि पहाटे त्यांना वाट सापडली होती. पाच दात्यांची किल्ली. चार दाते त्यांनी बरहुकूम घासले. तिसरा मुद्दाम उंच ठेवला, गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतका. तेवढ्यानं आतली पट्टी जास्त उचलली जाते आणि किल्ली अर्ध्यात अडते. करडे म्हणतील, संघटनेने कुलूप बदललेलं दिसतं. थोरल्याचा शब्द राहील, आपण नाही म्हटल्यासारखं होणार नाही, आणि दारही उघडणार नाही. आबांनी बोटाने तो दाता चाचपला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना आपण हुशार असल्यासारखं वाटलं.

जावयाला सावध करावं असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण सावध करायचं म्हणजे आपण काय कबूल केलं तेही सांगायचं. त्यांनी ते उद्यावर टाकलं. ही टाकाटाकी या घराच्या रक्तातच होती.

संध्याकाळी आबा वर गेले की धाकटी मागे राही. पसारा आवरायचं निमित्त. खरं कारण दुसरं होतं. दोन वर्षांपूर्वी बेकरीवाला किल्ली परत घेऊन आला, लागत नाही म्हणून, आणि आबा चार दिवस जेवले नाहीत. त्यांची नजर अधू झाली होती. ते कबूल करणार नव्हते आणि ते तिला बघवणारंही नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती तबकातल्या तयार किल्ल्या एकेक करून नमुन्यावर ठेवून पाही आणि जिथे जास्त राहिलं असेल तिथे कानस फिरवी. चुकलंच तर जास्त ठेवून चुकावं, ठेवलेलं काढता येतं, हे आबांनीच तिला शिकवलेलं. त्यांच्या चुका सगळ्या जास्तीच्या असत. म्हणून तर हे जमत होतं.

त्या सोमवारी तबकात तीन किल्ल्या होत्या. पहिली बरोबर होती. दुसरीला टोकाशी जराशी कानस लागली. तिसरी तिने चारशे बाराच्या नमुन्यावर ठेवली आणि तिला वाईट वाटलं. एवढी मोठी चूक आबांनी आजवर केली नव्हती. चार दाते पाहून वाटावं की तरण्याताठ्या माणसाचा हात आहे, आणि मधला हा असा.

'फार थकले,' तिच्या मनात आलं. कालचं जेवण, दादाचा शर्ट, आपली जीभ. तिने किल्ली पकडीत घेतली आणि तिसरा दाता हलक्या हाताने उतरवला. पुन्हा नमुन्यावर ठेवली. केसाचाही फरक नाही. किल्ली हातात ओळखीची वाटली तिला, पण हजारो किल्ल्या हाताखालून गेलेल्या बाईला कुठली ओळखीची वाटणार नाही? कीस फुंकून टाकला, किल्ली तबकात ठेवली आणि ती घरी गेली. जाताना तिला बापाची माया इतकी दाटून आली की ती परत फिरून जिन्याखालून ओरडली, "आबा, खिडकी लावून झोपा."

मंगळवारी दुपारी जावई मागच्या खोलीत डबा उघडून बसला होता. कोट खुर्चीच्या पाठीला, किल्ली कोटात. समोर वर्तमानपत्राचं बोटभर सदर. आज बायकोला सांगायचंच असं त्याने ठरवलं होतं. चौदा महिने दादा पोरांना काहीबाही सांगत राहिला आणि काय झालं, ते त्याने रविवारी ऐकलं होतं. डबा संपवायचा, तिला न्यायला कारखान्यात जायचं, चार वाजता, भर दिवसा. ती विचारेल आज लवकर कसे, की लगेच सांगायचं. वाक्यसुद्धा जुळवून झालं होतं.

बाहेरच्या दाराला किल्ली लागली आणि सहज फिरली. अशी किल्ली फक्त तिघांकडे होती, तो स्वतः, संघटनेचे खजिनदार आणि झाडणारी बाई. त्याला वाटलं, म्हातारे खजिनदार आले. हात पुसून तो त्यांना घ्यायला उठला.

शुक्रवारपर्यंत गावाला जेवढं ठाऊक व्हायचं तेवढं झालं. करड्यांची लॉरी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. वही गेली. जावयाला दोघांनी धरून लॉरीत घातलं, तेव्हा त्याच्या अंगात कोट नव्हता. कुठे नेलं ते पोलिसांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी शोधलंही नाही. दोन दिवसांत वहीतल्या नावांपैकी साठ जणांच्या दारात माणसं जाऊन आली. जे वाचले ते एकमेकांत बोलू लागले. दार फोडलेलं नाही. खजिनदार आपल्या घरी होते, झाडणारी बाई आपल्या घरी. मग दार उघडलं कुणी? आणि बंद वाचनालयात, भर कामाच्या वेळी, चिटणीस करत काय होता? कुणाची वाट बघत होता?

धाकटीकडे कुणी आलं नाही. तिला कळेना की शेजारची बाई नजर का चुकवते. शुक्रवारी सकाळी म्हातारे खजिनदार कोट घेऊन आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"हा राहिला होता," ते म्हणाले. "एक विचारतो, पोरी. त्याची भट्टी विझली तेव्हापासून पैसा कुठून येत होता?"

"कुठली भट्टी?" तिने विचारलं.

ते गेल्यावर ती कोट मांडीवर घेऊन बसली. भट्टीचं तिला कळलं होतं, तरी अजून पोहोचलं नव्हतं. खिशात अर्धी पेन्सिल होती आणि दोरीत ओवलेली किल्ली. ही किल्ली चार वर्षं रोज खिळ्याला लटकताना तिने पाहिली होती, पण किल्ली म्हणून कधी पाहिली नव्हती. आता पाहिली. पाच दाते. तिने अंगठा तिसऱ्या दात्यावर ठेवला, आणि तिच्या अंगठ्याला सगळं आधी कळलं.

ती कारखान्यात आली तेव्हा आबा बाकावर नुसते बसले होते. मावशी कुंड्यांना पाणी घालत होती. थोरला जिन्याच्या खालच्या पायरीवर, करड्या शर्टात, दाढी वाढलेली. चार दिवस तो करड्यांच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता आणि त्याला सांगितलं जात होतं की चौकशी चालू आहे. आता त्यांना त्याचं नाव आठवत नव्हतं.

"बस, पोरी," आबा म्हणाले. "तुला एक सांगायचंय. आज ना उद्या कळेलच."

त्यांनी सांगितलं. सगळं, शाळांची कुलपंसुद्धा. सांगताना ते थोरल्याकडे बघत नव्हते.

"पण ती किल्ली लागणारी नव्हती," ते म्हणाले. "तिसरा दाता मी उंच ठेवला होता. मुद्दाम. माझ्या किल्लीने ते दार उघडणं शक्यच नाही. मला बोलवत नाही गं, पण दार आतूनच उघडलं गेलं. जावईबापूंनी का उघडलं, काय धाक दाखवला त्यांना, देव जाणे. माणूस भला होता. भलाच होता."

चार दिवस आबा याच एका गोष्टीला धरून उभे होते, हे तिला दिसलं. ती गोष्ट काढून घेतली तर त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं. तिने मनात दोन्ही पारड्यांत वजनं टाकून पाहिली. एका बाजूला हा म्हातारा. दुसऱ्या बाजूला तो, कुठे आहे ठाऊक नाही, कोट नाही अंगात, आणि त्याची माणसं त्याला फितूर म्हणतायत.

"आबा, संध्याकाळी तबकातल्या किल्ल्या मी बघते."

"बघतेस म्हणजे?"

"नमुन्यावर ठेवून. जास्त असेल तिथे कानस लावते."

आबांनी बाकावरचं तबक पुढे ओढलं.

"कधीपासून?"

"बेकरीवाला आला होता ना, तेव्हापासून."

"ती एकच परत आली होती."

"तुमच्यापर्यंत एकच आली."

मावशीच्या झारीतलं पाणी कुंडीतून ओसंडून बाकावर पसरत होतं. तिचं लक्ष नव्हतं.

"सोमवारी पण?" आबांनी विचारलं.

"सोमवारी पण. तिसरा दाता मीच उतरवला, आबा. मला वाटलं, तुम्ही थकलात." ती बाकाची कड धरून उभी राहिली. "मला वाटलं, कुणाला कळायच्या आत नीट करावं."

थोरल्याने तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. "म्हणजे त्यांनी उघडलं नाही," तो म्हणाला. "आबांनी त्या दात्याचं मला सांगितलं तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत फिरतोय. त्यांनीच उघडलं, त्यांनीच उघडलं."

आबांनी कमरेचं चामड्याचं फडकं सोडलं, घडी केली, पकडीवर ठेवली.

"वाचनालयापाशी कोण आहे आत्ता?"

"सगळे जमलेत," धाकटी म्हणाली. "यांच्याबद्दलच बोलतायत."

"आबा, जाऊ नका." थोरला उठला. "तुम्ही चारचौघांत सांगितलंत की दुसरी किल्ली इथे झाली, तर पुन्हा या दारात कुलूप घ्यायला कुणी येणार नाही. शंभर वर्षांचं नाव आहे. आणि करडे तुम्हाला सोडणार नाहीत. मी ओळखतो त्यांना."

"बरोबर आहे तुझं," आबा म्हणाले, आणि खुंटीवरचा कोट काढला.

"मावशी, तुम्ही तरी सांगा."

मावशीने झारी खाली ठेवली. "गल्लीत लॉरी उभी होती ना, ती बघितली मी," ती म्हणाली. "भाजी घेऊन येत होते. मागचं फळकूट पडल्याचा आवाज ऐकला आणि पिशवी तिथेच टाकली. आठ वर्षं मी तुम्हाला तिचा रंग सांगतेय. तीच होती रे. आवाज तोच." मग थोरल्याला म्हणाली, "जाऊ दे त्यांना. आमच्या वेळी सांगायला कुणी गेलं नव्हतं."

आबांनी कोट चढवला. बटणं लावायला त्यांना वेळ लागला. वरचं बटण दुसऱ्याच काजात गेलं आणि त्याच्यामागून सगळीच एकेक घर खाली सरकली, एक बाजू लोंबली. मावशीला ते दिसलं, पण बटणांत हयात गेलेली ती बाई काही बोलली नाही. धाकटीचा हात सवयीने पुढे झाला, वरच्या बटणापर्यंत गेला.

मग तिने तो मागे घेतला.

"चला," ती म्हणाली, आणि कोट तसाच राहू दिला.